तीन फिन आणि एक शेततळं

नाशिकला समुद्र नाही, हे मला माहीत होतं. सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून आमच्या गावातला प्रत्येक माणूस मला ही बातमी नव्याने देतो आहे. पोस्टमनने दिली. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर दिली, म्हणजे उठून जायचीही सोय नाही. सर्फबोर्डचा फिन निवडायला माणूस दर्याकाठचं गाव सोडून द्राक्षांच्या जिल्ह्यात जातो, म्हणजे त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असणार, असं सर्वांचं मत पडलं. मत ऐकून घेतलं. आता माझी बाजू ऐका.

आमचं गाव सिंधुदुर्गात, अगदी पाण्याला लागून. पण मी कोळ्याचा नव्हे, भटजीचा मुलगा. दर्याशी माझा संबंध आला तो एकदाच. चौथीत असताना इतर पोरांबरोबर होडी वर ओढायला गेलो आणि ओंडक्याखाली सापडून डाव्या पायाची करंगळी गेली. आईने त्या दिवशी घातलेली शपथ ती जाईपर्यंत सोडवली नाही. मग मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना लाटा काढायला लावल्या, आणि स्वतः कधी गुडघाभर पाण्यातही उतरलो नाही. निवृत्तीनंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी, माझ्याच दोन माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या सर्फिंगच्या वर्गात नाव घातलं. दोघांनाही मी चित्रकलेत काठावर पास केलं होतं. त्यांनी त्याचं पुरेपूर उट्टं काढलं.

चार वर्षांत मी लाँगबोर्डवर, म्हणजे साडेनऊ फुटी लांब फळीवर, उभा राहायला शिकलो. राहिली होती एकच गोष्ट. लाट चालू असताना पावलं टाकत फळीच्या पार पुढच्या टोकापर्यंत जायचं आणि दोन्ही पायांची बोटं कडेबाहेर काढून उभं राहायचं. दोन क्षण का होईना. मला ते एकदा हवं होतं, इतकं की सांगायला लाज वाटते. आणि वेळ उरला नव्हता. उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली होती. "त्यानंतर चालणं, हलकी सायकल. पण ती फळी विसरा," डॉक्टर म्हणाले होते. आणि एप्रिलच्या शेवटी फळीचा फिन खडपावर, म्हणजे पाण्यातल्या कातळावर, आपटून तुटला.

फिन म्हणजे फळीच्या मागच्या बाजूला, पाण्याखाली असतो तो पर. माशाला असतो तसाच. तो नसेल तर फळी साबणासारखी हातची निसटते. दिसायला वीतभराची वस्तू, पण तिचे प्रकार पाहायला इंटरनेटवर बसलो आणि दोन दिवस तिथेच बसलो. रुंद बुडाचा आणि ताठ उभा फिन शेपूट धरून ठेवतो, मग माणसाला पुढे चालत जाता येतं. मागे कललेला, टोकाशी लवचीक असलेला फिन झोकदार वळतो, पण शेपूट तेवढं धरत नाही. या दोघांच्या मध्ये जे काही बसतं, त्याचे शंभर प्रकार. नुसत्या फोटोवरून मी कधी फणससुद्धा घेतलेला नाही. शेवटी तीन आकार स्वतः कागदावर काढले आणि नाशिकला भाचेजावयाला फोन केला. प्रशांत अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "मामा, फायबरचं काहीही बनवणारा माणूस आहे आपल्याकडे. फळी घेऊनच या. फिन बसायची खाच बघितल्याशिवाय तो हात लावणार नाही."

सिडको आणि अंबड

बसच्या टपावरून फळी नेताना तिला आईच्या वेळचं पांढरं जुनेर गुंडाळलं आणि सुंभाने चार ठिकाणी बांधलं. ही माझी चूक. सकाळी सिडकोत प्रशांतच्या घराकडे रिक्षाच्या टपावर ती आडवी ठेवून निघालो, तर चौकात एका वृद्ध गृहस्थांनी टोपी काढली. पुढच्या सिग्नलला दोन मोटारसायकली आमच्या मागे हळू चालायला लागल्या. भाचीच्या दारात उतरलो तेव्हा शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून बाहेर आल्या आणि "कोण होतं हो?" असं विचारत्या झाल्या. "सर्फबोर्ड," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "वय काय होतं?"

नाशिकची माणसं तुम्हाला आधी खायला घालतात आणि मग कामाचं विचारतात. आमच्याकडे उलट. आम्ही आधी काम विचारतो आणि ते ऐकून चहा करायचा की नाही ते ठरवतो. प्रशांत मला थेट मिसळ खायला घेऊन गेला. मिसळीबरोबर पापड, दही, आणि शेवटी जिलबी. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं तर समोरचा अनोळखी माणूस म्हणाला, "रस्सा अजून घ्या, मग थांबतं." घेतला. थांबलं नाही.

प्रशांतचा तो फायबरवाला माणूस म्हणजे उस्मानभाई. त्यांचा कारखाना अंबडच्या एका मागच्या गल्लीत आहे. पत्र्याची शेड, आत फायबरच्या रसायनाचा नाकात बसणारा वास, आणि भिंतीला टेकून पंख्याची पाती. द्राक्षबागेत औषध फवारायला ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावतात, त्याच्या पंख्याची. उस्मानभाई पासष्टीचे, पांढरी दाढी, दाढीत फायबरचे बारीक धागे. त्यांनी फळी उलटी करून खाचेत बोट घातलं, माझी तीन चित्रं उजेडाला धरली आणि म्हणाले, "ड्रॉइंग एक नंबर है सर. पण हे फिरतं कुठल्या बाजूला?"

"फिरत नाही. स्थिर असतं."

"मग पातं कशाला म्हणायचं त्याला?"

मी सर्व समजावून सांगितलं. लाट, फळी, शेपूट, टोक. प्रशांतने हातांनी लाट करून दाखवली. उस्मानभाई शांतपणे ऐकत होते. "परवा या," म्हणाले.

परवा गेलो तर तीन फिन टेबलावर मांडलेले. ताठ, रुंद फिन सुरेख झाला होता. मागे कललेला तर इतका देखणा की उचलून भिंतीवर लावावा. तिसरा, म्हणजे मधल्या आकाराचा फिन, बुडापासून टोकापर्यंत पिळलेला होता. पंख्याचं पातं पिळलेलं असतं तसा.

"उस्मानभाई, हा वाकडा आहे."

"वाकडा नाही सर, बरोबर केला. दोन तुमच्या चित्रासारखे केले, तुमचं मन राखायला. तिसरा माझ्या हिशोबाने. चाळीस वर्षं पाती बनवतोय. पिळाशिवाय पातं म्हणजे नुसता पाट. चित्रात वरून कसं दिसतं ते कुठंय?"

चित्रात ते नव्हतं. तीन दशकं मी मुलांना ओरडत आलो की वस्तू समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्हीकडून काढल्याशिवाय ती वस्तू होत नाही. आणि स्वतःच्या फिनच्या वेळी फक्त बाजूने काढून मोकळा झालो. काठावर पास झालेल्या त्या दोघांची मला पहिल्यांदा मनापासून आठवण झाली.

"आता निवडणार कसा यातला?" प्रशांतने विचारलं.

"आमच्या गावी जाऊन, पाण्यात," मी म्हणालो.

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. "न वापरता एवढ्या लांब नेणार? बाळासाहेबांकडे जा. पिंपळगावकडे बाग आहे त्यांची. माझं प्रत्येक पातं ते आधी दोन ओळींवर चालवून बघतात. त्यांनी हां म्हटलं तरच मी बाकीचं बनवतो."

पिंपळगावच्या अलीकडे

नाशिकच्या बागायतदाराची ही रीत मला तोपर्यंत माहीत नव्हती. नवीन औषध असो, खत असो, नाहीतर नवी कात्री, हा माणूस कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. बागेतल्या दोन ओळी बाजूला काढायच्या, तिथे वापरून बघायचं, शेजारच्या दोन ओळींत काहीच करायचं नाही, आणि मग पंचक्रोशीतल्या लोकांना बोलावून फरक दाखवायचा. आमच्याकडे आंबा कलमाला खत घातलं तर शेजाऱ्याला कळू नये म्हणून रात्री घालतात.

हायवेवर कांद्याच्या टेंपोंची रांग ओलांडून आम्ही आत वळलो. प्रशांतच्या ओळखीच्या पिकअपमध्ये फळी तिरकी ठेवली होती, जुनेर काढून. बाळासाहेब फाटकातच उभे होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. फळीवरून हात फिरवत म्हणाले, "लय भारी माल हाय. पण सर, आधी जेवायचं. उन्हात फाळ बघत नसतात." फिनला त्यांनी पहिल्या शब्दापासून फाळच म्हटलं, नांगराचा असतो तसा. मीही पुढे विरोध सोडून दिला.

जेवायला मांडे आणि आमरस. मांडा हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. उशीच्या अभ्र्याएवढी पोळी, आणि घडी इतकी तलम की कुठून सुरुवात करावी कळेना. रस केशर आंब्याचा होता. कोकणातला माणूस दुसऱ्याच्या आमरसाला चांगलं म्हणत नाही, पाप लागतं. मी तीन वाट्या प्यायलो आणि "ठीक आहे" म्हणालो. जेवताना बाळासाहेबांनी नेमकं काय साधायचं आहे ते विचारून घेतलं. सांगितलं, फळीच्या टोकावर जाऊन बोटं बाहेर काढायची. आमच्या सर्फिंगच्या वर्गातल्या पोरांच्या भाषेत 'दहा बोटं'. आणि का, आणि कधीपर्यंत, तेही सांगितलं. बाळासाहेब म्हणाले, "म्हंजे यंदाचा शेवटचा हंगाम हाय तुमचा. मग नीटच करायला पाहिजे."

द्राक्षाचा हंगाम संपल्यामुळे पॅकहाउस रिकामं होतं. तिथल्या लांब टेबलावर तीन फिन मांडले. आसपासचे सात-आठ बागायतदार आले होते. प्रत्येकाने फिन उचलला, हातात तोलला, उन्हाला धरला. एकजण पिळलेल्या फिनच्या प्रेमात पडला. "हाच न्या, याच्यात डोकं हाय." दुसऱ्याने कललेल्याला कोयता असं नाव दिलं, तिसऱ्याने ताठ फिनला खांब. पाच मिनिटांत कोयत्याच्या बाजूने बहुमत झालं, कारण तो सगळ्यात देखणा होता. माझंही मत कोयत्यालाच होतं, हे कबूल करतो.

एवढ्यात बागेतून लीलाबाई पाणी प्यायला आल्या. हंगामात या पॅकहाउसमधल्या चाळीस बायकांवर त्यांची नजर असते. परदेशी जाणारा प्रत्येक घड त्यांच्या हाताखालून जातो, आणि त्यांनी "बाजूला" म्हटलं की बाळासाहेबही तो परत पेटीत घालू शकत नाहीत. सध्या वेलींचे फुटवे विरळायचं काम चालू होतं. हात हिरवे झालेले. त्यांनी कोणाला न विचारता तिन्ही फिनांवरून अंगठा फिरवला. पिळलेला उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. कोयता कानाजवळ नेऊन नखाने वाजवला आणि तोही कडेला ठेवला.

"मुळापाशी बुडबुडा हाय," त्या म्हणाल्या. "बाजूला."

"लीलाबाई, हे द्राक्ष नाय," एकजण हसून म्हणाला.

"द्राक्ष नाय म्हणूनच सांगते. द्राक्ष असतं तर फेकलं असतं." आणि त्या पाणी पिऊन निघून गेल्या. आम्ही पुरुषमंडळींनी कोयता पुन्हा मध्यभागी आणून ठेवला.

शेततळं

शेततळं म्हणजे तळं नव्हे. जमिनीत खणलेला मोठा चौकोनी हौद, कडेला मातीचे उंच बांध, आणि आतून सगळीकडे काळा प्लास्टिकचा कागद. उन्हाळ्यात बाग त्याच पाण्यावर जगते. कागद इतका निसरडा की आत पडलेल्या माणसाला दोराशिवाय वर येता येत नाही. म्हणून चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेले होते, आणि बाळासाहेबांनी मला लाइफ जॅकेटवरून ट्रॅक्टरची एक ट्यूबही घालायला लावली. "तुम्ही बुडलात तर वाईट," ते म्हणाले, "आणि कागद फाटला तर त्याहून वाईट. राग मानू नका." मी राग मानला नाही. आमच्याकडेही माणसापेक्षा जाळं आधी वाचवतात.

लाट नव्हती, म्हणून ट्रॅक्टर. पलीकडच्या बांधावर जुना टायर ठेवला, दोर त्यावरून पलीकडच्या शेतात ट्रॅक्टरला, आणि अलीकडचं टोक फळीच्या नाकाला. ट्रॅक्टरवर खुद्द बाळासाहेब. मी हात वर केला की काठावरून कोणीतरी ओरडायचं आणि त्यांनी थांबायचं.

मी म्हटलं, कोयत्यापासून सुरू करू.

"आधी बिनफाळाची," बाळासाहेब ओरडले. "दोन ओळी मोकळ्या सोडल्याशिवाय फरक कसा कळंल?"

मी सांगून पाहिलं की फिनशिवाय कोणी चालवत नाही. सात बागायतदारांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने फिनशिवाय बसलो. ट्रॅक्टर निघाला. फळीचं शेपूट पुढे आलं, नाक मागे गेलं, आणि मी पाण्यात. "लिहून घे," कोणीतरी म्हणालं, आणि खरोखरच कोणीतरी वहीत लिहून घेतलं.

मग पिळलेला. तो बिनफिनच्यापेक्षा शंभरपट चांगला निघाला, म्हणजे फळीने ठामपणे दिशा घेतली. दिशा डावीकडची होती. मी दोराच्या विरुद्ध, बांधावर बसलेल्या मंडळींच्या रोखाने निघालो, ती उठून पळाली, आणि ट्रॅक्टरवरून "कागद! कागद!" असा आक्रोश ऐकू आला. मी फळी उलटवून आत उडी घेतली. कागद वाचला.

कोयता मात्र स्वर्ग होता. फळी गुळगुळीत चालली, जरा पाय दाबला की लोण्यासारखी वळली. काठावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीलाही तसंच. तिसऱ्या फेरीला मी पुढे एक पाऊल टाकलं, फळीच्या पोटात टक्कन आवाज झाला आणि सगळं एकदम मोकळं मोकळं झालं. वर येऊन पाहिलं तर कोयता मुळातून मोडला होता. फिनचं पान तळाला गेलं होतं, आणि मुळाच्या तुकड्यावर बरोबर मध्यभागी वाटाण्याएवढा पोकळ बुडबुडा होता. बाळासाहेबांनी हलक्या आवाजात प्रशांतला सांगितलं, "लीलाबाईला बोलवा. काम राहू दे."

त्या आल्या आणि पलीकडच्या बांधावर, टायरच्या शेजारी, उकिडव्या बसल्या.

उरला खांब. तो लावल्यावर फळी रुळावर असल्यासारखी सरळ गेली. कंटाळा येईल इतकी सरळ. पण मला तेच हवं होतं. पहिल्यांदा पुढे चालत गेलो तर नाक बुडालं. समुद्रात मागचं शेपूट लाटेच्या पाण्याने दाबलेलं असतं, इथे दाबायला कोण? "वजन टाका की मागं," बाळासाहेब म्हणाले, आणि निंबोळी पेंडीचं अर्धं पोतं प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेपटावर बांधलं गेलं. एवढी वर्षं लाटेचं कौतुक ऐकत आलो, आणि तिचं काम पेंडीच्या पोत्याने केलं. वासासकट.

ऊन उतरलं होतं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता आणि मला माहीत होतं की ही एकच फेरी उरली आहे. प्रशांतने मोबाइल सरसावला. ट्रॅक्टर निघाला. मी उभा राहिलो. एक पाऊल. दुसरं. फळी हलली नाही, खांबाने शेपूट घट्ट धरून ठेवलं होतं. तिसरं. बांध जवळ येत गेला तसा दोर वरच्या बाजूने ओढायला लागला आणि नाक आपोआप उचललं गेलं. चौथं पाऊल. पुढे फळी नव्हती. मी उजवा पाय सरकवला, मग डावा त्याच्या शेजारी आणला आणि खाली पाहिलंच नाही. समोर काळा कागद, त्याच्यावर टायर, टायरशेजारी लीलाबाई. तळपायाखालून पाणी पळत होतं आणि बोटांना वारा लागत होता. मला रडू आलं. मग मी हात वर केला नाही म्हणून ट्रॅक्टर थांबला नाही, फळी बांधाला धडकायच्या आत लीलाबाईंनीच आरोळी ठोकली, आणि मी, ट्यूब, पोतं, सगळे पाण्यात.

दोराला धरून वर आलो तेव्हा जल्लोष चालला होता. "दहा! दहाच्या दहा!" बाळासाहेब शेतातून धावत आले. ट्रॅक्टर चालवताना त्यांची तळ्याकडे पाठ होती, पण ओरडण्यात ते सर्वांत पुढे. प्रशांतने व्हिडिओ लावला. त्यात पहिली दहा सेकंदं पाणी होतं आणि मग शेवटपर्यंत प्रशांतचा अंगठा.

"जाऊ द्या मामा, आम्ही सगळ्यांनी बघितलं ना! दहा बोटं."

"नऊ," लीलाबाई म्हणाल्या.

"अहो लीलाबाई," बाळासाहेब कळवळून म्हणाले, "सरांचा शेवटचा हंगाम हाय. कशाला काढता एक?"

"मी कशाला काढू? जे दिसलं ते सांगते. समोरच बसले होते. उजव्याची पाच बाहेर. डाव्याची चार. नऊ."

मी ओलाच बांधावर बसलो. डावा पाय पुढे केला. लीलाबाई वाकल्या, करंगळीच्या जागेकडे नीट पाहिलं आणि पुन्हा सरळ झाल्या. "मग पास," त्या म्हणाल्या आणि फुटवे काढायला निघून गेल्या.

परत

कोयत्याचं पान अजून त्या शेततळ्याच्या तळाशी आहे. बाळासाहेब म्हणतात, पाणी संपलं की काढू. उस्मानभाईंना बुडबुड्याचं कळलं तेव्हा त्यांनी लीलाबाईंना निरोप पाठवला की पुढच्या लॉटची पाती आधी त्यांच्याकडे येतील. पिळलेला फिन त्यांनी परत मागून घेतला आणि ब्लोअरला बसवला. उत्तम चालतो म्हणे.

आमच्या किनाऱ्यावर शेवटच्या दोन दिवसांत लाटा उसळल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही. मग ऑपरेशन झालं. खांब माझ्या पलंगासमोर खिळ्याला टांगला आहे. माझे ते दोन विद्यार्थी भेटायला आले होते. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "पण सर, लाट नव्हती. पोतं होतं. हे धरत नाहीत." मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

"तरी किती बोटं बाहेर आली होती?" धाकट्याने जाता जाता विचारलं.

"नऊ," मी म्हणालो. "सगळी."